गूगलवर वर यायचंय ना? मग कूलरचं पान दिवाळीतच लिहायला घ्या

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की मामांचा फोन येतेच. "काऊन रे, आपली वेबसाईट गूगलवर दिसूनच नाही राह्यली, बाकीच्यांच्या दिसतात, तू पाह्य ना बाप्पा काही." मामांचं नागपूरच्या इतवारीत कूलरचं दुकान आहे, विक्री पण आणि रिपेरिंग पण, आणि त्यांच्या वेबसाईटचं सगळं खातं माझ्याकडे, म्हणजे पगार नाही पण बोलणी आहेत अशी नोकरी. पहिल्या वर्षी मी पण मेमध्येच जागा झालो होतो, टायटल बदल, फोटो टाक, दोन पानं नवीन लिही असं रात्री बारापर्यंत बसून केलं, आणि त्याचा परिणाम दिसायला लागला तेव्हा मृगाचा पाऊस पडून लोक कूलरवर ताडपत्री टाकत होते.

गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय की साईटवर केलेल्या काही बदलांचा परिणाम काही तासांत दिसतो आणि काहींना कित्येक महिने लागतात. आता नागपुरात कूलर निघतात होळीला. त्यामुळे हिशोब उलटा करा, होळीच्या आधी पान गूगलला नीट माहीत झालेलं पाहिजे तर ते लिहायचं दिवाळी झाली की लगेच, स्वेटर घालून. तुमचा धंदा संत्र्याचा असो, मंगल कार्यालयाचा असो की क्लासेसचा, गर्दी कधी होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिथून चार-पाच महिने मागे या.

आणि एकदम आठ दिवस सगळं सोडून बसायचं नाही. आम्ही दर रविवारी सकाळी दोन तास देतो, तर्री पोहे खाऊन झाले की बसायचं आणि जेवणाच्या आधी उठायचं. दोन वर्षांत जे काही झालं ते त्या रविवारांमुळे झालं, कुठल्या एका मोठ्या ट्रिकने नाही, आणि ते दोन तास नेमके कशात घालवायचे तेच खाली लिहितोय.

गूगलला तुमचं दुकान माहीत आहे का, हे आधी बघा

हसू नका, हे खरंच आधी बघायचं. गूगलच्या सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून तुमच्या वेबसाईटचं नाव, मध्ये स्पेस नाही, असं टाका. तुमची पानं दिसली तर ठीक. काहीच दिसलं नाही तर बाकी सगळं सोडा, आधी हे दुरुस्त करा.

आमच्याकडे काहीच दिसत नव्हतं. साईट बनवून देणाऱ्याने काम चालू असताना वर्डप्रेसच्या, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर साईट बनवली त्याच्या, सेटिंग्जमध्ये, रीडिंगच्या पानावर, सर्च इंजिनांनी इकडे येऊ नये असा एक छोटासा चौकोन राहतो, त्यावर टिक करून ठेवली होती. काम चालू असताना ते बरोबरच आहे, पण काम संपल्यावर काढायला विसरला आणि पैसे घेऊन मोकळा झाला. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमके आमच्या कामाचे महिने, साईट गूगलसाठी शटर पाडूनच उभी होती आणि मी तिकडे कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, कोणते घ्यावे याचे व्हिडिओ बघत बसलो होतो. एक टिक काढली, आणि आठवडाभरात पहिली पानं दिसायला लागली.

त्यानंतर सर्च कन्सोल. हे गूगलचं फुकट टूल आहे आणि माझं म्हणणं असं आहे की बाकी एकही टूल नाही घेतलं तरी चालेल पण हे पाहिजेच. यात तुमची साईट तुमच्या स्वतःच्या जीमेलने जोडा, साईट बनवणाऱ्याच्या नाही. डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव, जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये गूगलने दिलेली एक ओळ टाकायची असते, पाच मिनिटांचं काम आहे, जमत नसेल तर डोमेन कंपनीच्या सपोर्टला सांगा, ते करून देतात. आणि याच निमित्ताने हे पण बघून घ्या की डोमेन नेमकं कोणाच्या नावावर आहे. दुकानाचं भाडं तुम्ही भरता आणि करारावर नाव दुसऱ्याचं, असं चालेल का तुम्हाला? डोमेनच्या बाबतीत अर्ध्या दुकानदारांचं तेच झालेलं राहते.

जोडलं की साईटमॅप द्या. साईटमॅप म्हणजे तुमच्या सगळ्या पानांची यादी, वर्डप्रेस २०२० पासून ती आपोआपच बनवते, त्याचा पत्ता तेवढा सर्च कन्सोलमध्ये टाकायचा. नवीन पान टाकलं की वरच्या पट्टीत त्याचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने ते आपल्या यादीत घ्यावं अशी, रिक्वेस्ट करता येते. एकदाच करा. लिफ्टचं बटण दहादा दाबल्याने लिफ्ट लवकर येत नाही, तसंच हे.

गिऱ्हाईक जे बोलते तेच लिहा

आमच्या जुन्या साईटवर लिहिलं होतं, "उच्च दर्जाचे सेल्युलोज कूलिंग मीडिया". आता मला सांगा, नागपुरात कोणी दुकानात येऊन म्हणते का, भाऊ, कूलिंग मीडिया द्या? लोक म्हणतात जाळी, गवत, खस, ताट्या, हनीकोम्ब, आणि जे इंग्रजीत टाइप करतात ते कूलर पॅड टाकतात. काही जण तर "कुलर चे गवत किमत" असं शुद्धलेखनाची वाट लावून टाकतात, आणि गूगलला ते समजते पण.

म्हणून पहिला महिना आम्ही साईटला हातच लावला नाही. गल्ल्याजवळ एक शंभर पानी वही ठेवली आणि मामांना सांगितलं की फोनवर माणूस पहिलं वाक्य जे बोलेल ते जसंच्या तसं लिहा. मामा आधी चिडले, "मी धंदा करू का तुह्या शाळेचा अभ्यास करू", पण दुकानातल्या पोराला सांगून लिहून घेतलं. पंप पाणी फेकत नाही. पंखा फिरते पण थंड हवा येत नाही. पाण्याला वास येते. तीन फुटी कूलरला जाळी किती लागेल. घरी येऊन बदलून देता का. खिडकीत बसवायला स्टँड भेटते का. एवढ्या एका वहीतून आमची पुढच्या वर्षभराची पानं निघाली.

वही झाली की तीच वाक्यं मोबाईलवर गूगलमध्ये टाकून बघा, खाली गूगल स्वतःच सुचवते की लोक अजून काय शोधतात, मराठीत एकदा, हिंदीत एकदा, इंग्रजी अक्षरांत मराठी असं एकदा. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून तो शब्द टाकला की वर्षात त्याचा शोध कधी चढतो तेही दिसते, आमचा फेब्रुवारीच्या शेवटी चढायला लागतो.

मग याची वाटणी करा. ज्याला विकत घ्यायचंय, ज्याला दुरुस्त करायचंय आणि ज्याला नुसतं विचारायचंय, हे तीन वेगवेगळे लोक आहेत, तिघांना एकाच होमपेजवर कोंबू नका. प्रत्येक कामाचं एक वेगळं पान, बस. पण वस्तीचं वेगळं पान नको. एक जण आमच्याकडे आला होता, म्हणे मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, खामला, नंदनवन, जरीपटका, वाडी, कामठी, प्रत्येकाचं पान बनवून देतो, साठ पानं, मजकूर तोच आणि फक्त वस्तीचं नाव बदललेलं. असल्या पानांना डोअरवे पेज म्हणतात आणि गूगलच्या स्पॅम नियमांत ते सरळ बसते. कूलर जरीपटक्यात वेगळा आणि खामल्यात वेगळा बिघडत नाही ना, मग पान काऊन वेगळं?

एक पान कसं लिहिलं ते दाखवतो

जाळी बदलण्याचं पान घेऊ, कारण आमचं सगळ्यात जास्त चाललेलं पान तेच आहे.

पहिल्यांदा टायटल, म्हणजे गूगलमध्ये जी निळी ओळ दिसते ती. आधी होती "होम, वेलकम टू अवर वेबसाईट". आता आहे "कूलरची जाळी बदलून मिळेल, नागपूर: गवत, खस, हनीकोम्ब". काम, गाव आणि लोकांचे शब्द, तिन्ही आले. टायटल फार लांब झालं की मोबाईलवर कापलं जाते म्हणून महत्त्वाचं सुरुवातीला. त्याखाली जे दोन ओळींचं वर्णन राहते, मेटा डिस्क्रिप्शन, त्याने रँक वाढत नाही आणि गूगल बरेचदा ते बदलून पानातलं दुसरंच वाक्य दाखवते, तरी लिहा, कारण वाचून माणूस दाबतो. मेटा कीवर्ड्स, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, मात्र सोडून द्या. गूगलने २००९ मध्येच सांगितलं की आम्ही ते बघत नाही, आणि अजूनही लोक त्याचे पैसे घेतात, कमाल आहे.

पानात काय? आम्ही मामांना खुर्चीवर बसवून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं आणि विचारलं, समजा मी नवीन गिऱ्हाईक आहे, मला कोणती जाळी घ्यावी कळत नाही, सांगा. मामा वीस मिनिटं बोलले. गवत स्वस्त पण दर सीझनला बदला. खसचा वास मस्त. हनीकोम्ब महाग पण जास्त टिकते, मात्र बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यावर पांढरा क्षार जमते आणि भोकं बुजली की हवाच येत नाही, तेव्हा मधून मधून टाकी पूर्ण रिकामी करत जा, नुसतं वरून पाणी टाकत राहू नका. मोजमाप घेताना जुनी जाळी नका मोजू, ती दबलेली राहते, लोखंडी चौकट मोजा. हे सगळं तसंच्या तसं पानावर घातलं, फक्त शिव्या काढल्या. सोबत आमच्याच गच्चीवरच्या क्षार जमलेल्या जाळीचा फोटो, चौकट टेपने मोजतानाचा फोटो, साधारण किमती, आणि घरी येऊन बदलायला किती वेळ लागते ते.

हे पान दुसऱ्या कोणाला कॉपी करूनही जमणार नाही, कारण त्यात मामा आहेत. गूगल चांगला मजकूर कसा ओळखायचा यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं वापरते त्यात २०२२ च्या डिसेंबरात अनुभव हा मुद्दा मुद्दाम जोडला, म्हणजे लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलंय का. तुमच्याकडे जी गोष्ट फुकट पडलेली आहे ती हीच. एआयकडून लिहून घ्यायचं का, असं सगळे विचारतात. घ्या, गूगलची त्याला बंदी नाही, मी पण मामांचं बोलणं नीट लावायला वापरतो. पण एआयला "कूलरवर पन्नास लेख दे" म्हणून पन्नासच्या पन्नास चढवले, तर २०२४ च्या मार्चपासून गूगलच्या स्पॅम नियमांत अशा घाऊक मजकुराचं वेगळं कलमच आहे.

किती शब्द पाहिजेत? काहीच नियम नाही. जाळीचं पान लांब आहे, स्टँडचं पान चार ओळी, तीन फोटो आणि किमती. दोन्ही चालतात.

फोटोची फाईल आयएमजी अमुक तमुक नावाने नका चढवू, काय आहे ते नाव द्या आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगायच्या रकान्यात, साध्या भाषेत एक वाक्य. आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक द्या: जाळीच्या पानावर पंपाचा विषय निघाला की तिथेच पंपाच्या पानाची लिंक, "इथे क्लिक करा" असं न लिहिता "पंप पाणी फेकत नसेल तर" या शब्दांवरच.

नकाशावरचं दुकान

आता खरं सांगतो, छोट्या दुकानाला फोन वेबसाईटवरून कमी आणि गूगलवर शोधलं की नकाशासोबत जी तीन दुकानांची नावं दिसतात त्यांतून जास्त येतात. ते बिझनेस प्रोफाईल, आधी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ ला नाव बदललं. गूगलचं म्हणणं असं की इथे तीन गोष्टी चालतात, शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. लांबी तुमच्या हातात नाही. त्यामुळे वर्धा रोडवरच्या माणसाला इतवारीतलं दुकान वर दिसलं नाही तर जीव जाळून घेऊ नका, आधी मामा मला रोज हिंगण्याच्या पाहुण्याकडून स्क्रीनशॉट मागवून पाठवायचे.

जे हातात आहे ते करा. मुख्य कॅटेगरी नेमकी निवडा, आमची "इलेक्ट्रॉनिक्स स्टोअर" अशी होती, ती बदलली. नाव तेच ठेवा जे पाटीवर आहे. नावाला "बेस्ट कूलर रिपेअर इन नागपूर" असं शेपूट जोडणारे खूप आहेत आणि काही दिवस ते वर दिसतात पण, पण ते नियमाबाहेर आहे आणि कोणी तक्रार केली की नाव छाटलं जाते किंवा प्रोफाईलच सस्पेंड होते, ऐन एप्रिलमध्ये झालं तर बसा मग. घरी जाऊन काम करत असाल तर सर्व्हिस एरिया टाका, वीस जागांपर्यंत टाकता येतात. वेळा बरोबर ठेवा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही, त्या दिवशीची वेळ आम्ही आधीच बदलून ठेवतो, नाही तर माणूस कामठीहून येऊन बंद शटर बघतो आणि एक स्टार देऊन जातो. दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन वेबसाईटवर, प्रोफाईलवर, फेसबुकवर सगळीकडे सारखा पाहिजे. आमच्या फेसबुकवर मामांचा बंद झालेला नंबर होता, दोन वर्षं.

रिव्ह्यूचं थोडं सविस्तर सांगतो. पैसे देऊन घेऊ नका, "फाईव्ह स्टार द्या आणि पन्नास रुपये कमी" हेही नाही, दोन्ही नियमाबाहेर आहेत, आणि फक्त खुश दिसणाऱ्यालाच विचारणं हेसुद्धा. सगळ्यांना विचारा. प्रोफाईलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळते. आम्ही तो कोड छापून दुकानात लावला होता तर कोणी बघायचंही नाही. मग तो फिटर पोराच्या बॅगेवर चिकटवला. जाळी बदलली, कूलर चालू केला, थंड हवेचा पहिला झोत आला, घरातल्या काकू "अगं बाई" म्हणाल्या की त्याच क्षणी तो म्हणतो, काकू जमलं तर दोन ओळी लिहा ना, काय काम केलं तेवढं लिहा. त्या दोन ओळीत काकू आपसूक लिहितात, "तीन फुटी कूलरची जाळी बदलली, पंप पण साफ करून दिला". असं तुम्ही स्वतः कितीही लिहिलं तरी त्याला ती किंमत नाही.

वाईट रिव्ह्यू आला तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. मामांनी एकदा त्याच रात्री दिलं होतं, त्याचा मजकूर इथे छापण्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे, काय झालं, आम्ही काय करून देतोय, या नंबरवर बोला, एवढंच. ते उत्तर त्या एका माणसासाठी नसते, पुढचे शंभर लोक वाचतात.

आणि हो, "गूगलकडून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे, एवढे हजार भरा" असा फोन येईल. प्रोफाईल फुकट आहे. ठेवून द्या फोन.

फोटो हलके करा, बाकी स्पीडचं डोक्यात घेऊ नका

गूगल तुमची साईट मोबाईलवरून कशी दिसते तेच बघते, कॉम्प्युटरवर कितीही भारी दिसली तरी. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या स्पीड मोजायच्या फुकट टूलमध्ये पत्ता टाका. तीन आकडे बघायचे: पानातली सर्वात मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हललं पाहिजे आणि पान लोड होताना उड्या मारायला नको, त्याचा आकडा ०.१ च्या आत. शंभरपैकी शंभर मिळवायच्या नादी लागू नका, तिथे रविवार फुकट जातात. आमच्या साईटवर मोबाईलने काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो आणि वर फिरणारा स्लायडर होता. फोटो छोटे करून वेबपी या हलक्या फाईल प्रकारात टाकले, स्लायडर काढला, निम्मं काम झालं. फोन नंबर दाबला की कॉल लागला पाहिजे, आमचा नंबर फोटोत लिहिलेला होता, सांगा आता. साईटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस नसेल तर होस्टिंगवाल्याला, म्हणजे साईट ज्याच्या सर्व्हरवर ठेवली त्याला, सांगा, सर्टिफिकेट फुकट मिळते.

लिंका

दुसऱ्या चांगल्या साईटवरून तुमच्याकडे लिंक आली की गूगलच्या नजरेत वजन वाढते, ही गोष्ट गूगलच्या जन्मापासूनची आहे. म्हणूनच "पाचशे रुपयांत हजार बॅकलिंक" विकणारे पण आहेत. विकत घेऊ नका, २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये, म्हणजे गूगलने नियम कडक केले तेव्हा, अशाच साईट खाली गेल्या होत्या आणि आता तर असल्या लिंका बहुतेक मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसेच पाण्यात. डोमेन अथॉरिटी नावाचा आकडा दाखवून घाबरवतील, तो गूगलचा नाहीच, बाहेरच्या कंपन्यांचा आहे.

मग खरी लिंक कुठून? ज्यांच्याकडून माल घेता त्यांना विचारा. आम्ही ज्यांचे पंप विकतो त्यांच्या साईटवर डीलरांची यादी आहे, त्यात आमचं नाव होतं पण लिंक नव्हती, एक मेल केला, चार दिवसांत लागली. व्यापारी संघटना, शाळेच्या कार्यक्रमाची स्पॉन्सरशिप, एखाद्या स्थानिक पेपरने उन्हाळ्यात कूलरवर बातमी केली तर त्यांना माहिती देणं. वर्षात अशा चार-पाच मिळाल्या तरी खूप झाल्या.

महिन्यातला एक रविवार सर्च कन्सोलचा

परफॉर्मन्सच्या पानावर चार गोष्टी दिसतात: किती वेळा दिसलो, किती जणांनी दाबलं, त्याचं प्रमाण, आणि सरासरी नंबर कितवा. डेटा सोळा महिन्यांचा राहते आणि हे सोळा महिने आपल्यासारख्या सीझनवाल्यांसाठी सोनं आहे, कारण तुलना मागच्या महिन्याशी करायचीच नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. पहिल्या जुलैमध्ये आमचा आलेख कड्यावरून पडल्यासारखा पडला आणि मी दोन रात्री झोपलो नाही, वाटलं पेनल्टी लागली. पेनल्टी वगैरे काही नव्हतं, पाऊस आला होता.

मग क्वेरीच्या, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या, यादीत असे शब्द शोधा जिथे आपण आठव्या ते विसाव्या नंबरवर आहोत आणि दिसतो तर खूप पण दाबत कोणी नाही. इथे मेहनत सगळ्यात लवकर फळते. नवीन पान लिहायच्या आधी हीच पानं उघडा, माणसाने जे विचारलं त्याचं उत्तर पानात आहे का बघा. आमच्याकडे "कूलर पावसाळ्यात चिकचिक" असलं काही तरी दिसत होतं आणि त्यावर आमचं एकही वाक्य नव्हतं. मग लिहिलं की कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, मेमध्ये आपल्याकडे हवा कोरडी म्हणून जोरात वाफ होते, पावसाळ्यात हवेतच ओल भरलेली म्हणून वाफ होत नाही आणि नुसती दमट हवा अंगावर येते, अशा वेळी पंप बंद करून खिडक्या उघड्या ठेवून पंखाच चालवा. दहा ओळी. जून-जुलैमध्ये जे थोडेफार लोक येतात ते आता त्यावरच येतात.

एक चूक मात्र करू नका, दरवर्षी नवीन पान. "कूलर किंमत २०२४", मग "२०२५", असं केलं की जुन्या पानाने कमावलेलं सगळं मागेच राहून जाते. पत्ता एकच ठेवा, त्यात साल नको, आतल्या किमती आणि फोटो जानेवारीत बदला. सीझन संपला म्हणून पान काढून तर बिलकुल टाकू नका. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी माणूस आपोआप नव्यावर जातो.

भारतात २०२४ च्या ऑगस्टपासून गूगल वरतीच एआयचं उत्तर दाखवते, त्यामुळे नुसत्या माहितीच्या पानांवर येणारे लोक काही प्रमाणात कमी होतात, हे मान्य. त्यासाठी वेगळा कोड वगैरे लागत नाही, गूगल पण तेच सांगते. पण एआय कितीही हुशार झालं तरी गच्चीवर चढून जाळी बदलायला मामांचाच पोरगा जाणार आहे, म्हणून आम्ही माहितीच्या प्रत्येक पानावर वरतीच फोन नंबर ठेवलाय.

कोणाला काम द्यायचं असेल तर

द्या, सगळ्यांना वेळ नसते. फक्त "एक महिन्यात पहिल्या नंबरची गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा, गूगल स्वतः म्हणते की अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. दर महिन्याला नेमकं काय बदललं ते लिहून मागा, कोणतं पान, आधी काय होतं, आता काय आहे. सर्च कन्सोल आणि प्रोफाईलचं मालक खातं तुमचंच ठेवा, त्याला नुसता अ‍ॅक्सेस द्या. आमच्या मागच्या माणसाने काम सोडताना पासवर्ड द्यायला तीन आठवडे लावले होते, तेही मार्चमध्ये.

आमचं वर्षाचं वेळापत्रक

दिवाळीनंतर वही काढायची, मागच्या सीझनचे प्रश्न बघून दोन-तीन नवीन पानं ठरवायची, आणि डिसेंबरात, म्हणजे अधिवेशनाने सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते तुंबतात तेव्हा, ती लिहून टाकायची. जानेवारीत किमती आणि फोटो. फेब्रुवारीत मोबाईलवर सगळी साईट एकदा गिऱ्हाईकासारखी फिरून बघायची, प्रत्येक नंबर दाबून. होळीपासून जूनपर्यंत साईटला मोठा हात लावायचा नाही, फक्त रिव्ह्यूची उत्तरं आणि वहीत नोंदी, कारण तेव्हा दुकानात उभं राहायलाच जागा नसते. जुलैमध्ये सोळा महिन्यांचा डेटा घेऊन बसायचं.

ऑगस्टमध्ये एक पान राहिलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरात लोक शोधतात की कूलर वर्षभरासाठी झाकून कसा ठेवायचा, टाकी सुकवायची का, जाळी काढून ठेवायची का. मामांना म्हटलं गच्चीवर जाऊन ताडपत्री बांधतानाचे दोन-चार फोटो काढून पाठवा. काल रात्री पाठवले. तीन फोटोंमध्ये मामांचा अंगठा आहे आणि चौथ्यात शेजाऱ्यांचा कूलर.